शुभदानं निवडलेलं मशीन

शुभदा गेल्याचं मला चिपळुणात कळलं. भाताच्या गिरणीवर कोंड्याची पोती टेम्पोत चढवून घेत होते, तेवढ्यात दिरांचा फोन आला. सकाळी तळ्यावरून आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि रुग्णालयात पोचायच्या आत सगळं संपलं. गिरणीवाल्या काकांना सांगितलं, तर ते पोत्यावर मटकन बसले आणि रडायला लागले. तिला ते कधी भेटलेसुद्धा नव्हते. कोंडा सांगायला ती फोन करायची, तेवढीच ओळख. दर खेपेला त्यांच्या दारात जात होते ती मी. त्यांना पाणी मीच आणून दिलं... आणि माझ्यासाठी हे असे रडले असते का, हा विचार त्या क्षणीही मनात आलाच.

शुभदा माझी धाकटी जाऊ. रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमची कोळंबीची तळी आहेत, जोडीला थोडे मासे. खाद्य बाहेरून यायचं. कधी उशिरा, कधी ओल लागलेलं. एका पावसाळ्यात घाट बंद पडला, गाड्या अडकल्या आणि उपाशी कोळंबी एकमेकींना खाऊ लागली. तेव्हा ठरलं, खाद्य आपणच करायचं. मी शाळेत विज्ञान शिकवून नुकती निवृत्त झाले होते. मशीन निवडायचं काम मी अंगावर घेतलं. चुकीचं आणलं असतं, तर एखादं तळं विकायची पाळी आली असती.

दिरांना तरंगणारे दाणे काढणारं मोठं मशीन हवं होतं. मी परोपरीनं सांगत होते की मासे वर येऊन खातात, कोळंबी तळाशी फिरते, दाणा पायांत धरून कुरतडत बसते. तिचा दाणा बुडायला हवा आणि पाण्यात बराच वेळ टिकायला हवा. विरघळला की खाद्यही गेलं आणि तळंही नासलं. म्हणून दाबून दाणे पाडणारं साधं मशीन चालेल, पण त्याच्याआधी बारीक दळणारी चक्की आणि पीठ वाफेवर शिजवणारा भाग पाहिजेच. कुणी मनावर घेईना. मग एकदा जेवताना शुभदा म्हणाली, “ताई म्हणतात ते खरं आहे. कोळंबी काय पाटावर येऊन जेवायची नाही.” सगळे हसले आणि विषय मिटला. जे मी महिनाभर घसा कोरडा करून सांगत होते, ते तिच्या एका वाक्यानं झालं.

कोल्हापूरकडच्या एका कारखानदाराला मी आधीच फोनवर विचारलं होतं की आमचं मिश्रण तुमच्या मशीनवर चालवून दाखवाल का. त्यानं साफ नकार दिला होता. तरी आम्ही दोघी गेलो. मासळीची कुटी, सोयाबीनची पेंड, कोंडा आणि गव्हाचं पीठ बरोबर घेऊन. शुभदानं त्याला आंबावडी दिली, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि चहा यायच्या आत मशीन आमच्या पिठावर सुरू झालं. मी त्याला आधी वाफ बंद ठेवून दाणे काढायला लावले, मग वाफ देऊन. दोन्ही पाण्याच्या ग्लासांत टाकले. बिनवाफेचे दाणे चहा संपेपर्यंत विरघळले, पाणी गढूळ झालं. दुसरे आमचं जेवण होईपर्यंत शाबूत होते. दाणे पाडणाऱ्या चाळणीची भोकं केवढी, तिची जाडी किती, दाणे वाळवायचे कसे, सगळे प्रश्न माझे होते. उत्तरं मात्र तो तिच्याकडे बघून देत होता.

मशीन आलं, चाललं, कोळंबी दृष्ट लागेल अशी वाढली. हेदवीपासून लोक बघायला येऊ लागले ते ‘शुभावहिनींचं मशीन’. ती दर वेळी सांगायची, “माझं काही नाही हो. सगळं ताईंनी निवडलं, मी नुसती सोबतीला गेले होते.” लोकांना वाटायचं, केवढं मन या बाईचं! तिनं खोटं बोलून श्रेय घेतलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.

तिच्या तेराव्यालाही तेच ऐकलं, केवढं मन होतं बाईचं. गेल्या आठवड्यात खेडहून दोघी आल्या, त्यांना कोळंबीच्या खाद्याचं मशीन घ्यायचं होतं. मी त्यांना चक्कीपासून वाळवणापर्यंत सगळं समजावून दिलं. निघताना एक म्हणाली, “वहिनींनी तुम्हांला चांगलं तयार केलंय.” मी मान हलवली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात; मला तो अजून वाटतो.

एक गोष्ट मात्र मी त्या दोघींना सांगितली नाही, अजून कुणालाच सांगितलेली नाही. मशीन तापेपर्यंत पहिले दाणे भुगा होऊन पडतात. शुभदा मशीनच्या तोंडाशी ओंजळ धरून उभी राहायची. अख्खे दाणे पडू लागले की ती गरम ओंजळ घेऊन अंगण ओलांडून माझ्याकडे यायची. मी एक दाणा नखानं मोडून बघायची, “बरे आहेत गो,” म्हणायची, आणि मगच ती पोती भरायला घ्यायची. इतक्या वर्षांत तिनं स्वतः दाणा मोडून बघितला नाही, दिरांना दाखवला नाही. ते माझ्या एकटीचं होतं.

आता मशीन मीच चालवते. अख्खे दाणे पडू लागतात, ओंजळ भरते, हात पोळतात... आणि तिच्या सवयीनं माझी पावलं अंगणाकडे वळतात.