दोनशेवी पुंगळी

आम्ही वीस मुली, आणि प्रत्येकीला दहा गोळ्या. पोलीस प्रशिक्षणात त्या दिवशी पहिल्यांदा खरीखुरी गोळी झाडायची होती. पण माझं सगळं लक्ष नांदेडहून दुपारी चारला सुटणाऱ्या उदगीरच्या गाडीकडं होतं. दुसऱ्या दिवशी अकराला आमच्या गावच्या विहारात धाकट्या बहिणीचं लग्न, आणि हळद आदल्या संध्याकाळी, म्हणजे गोळीबाराच्याच दिवशी. रजेचा कागद उस्तादांच्या, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांच्या, खिशात होता.

गोळी सुटली की रायफल तिचं रिकामं पितळी कवच बाजूला भिरकावते. तीच पुंगळी. निशाणा चुकला तर चालेल, पण दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्याच पाहिजेत, असं उस्तादांनी आधीच बजावलं होतं.

माझ्या दहापैकी तीन लागल्या. माझी पकड बघून उस्ताद म्हणाले, खुरपं धरलंस काय? सगळ्या हसल्या आणि माझं डोकं फिरलं. कारण खुरपं मी खरंच धरलेलं होतं. आई रोजानं खुरपायला जाते आणि शाळेच्या प्रत्येक सुट्टीत मी तिच्यासोबत असायचे. इथं मात्र मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. भरतीचं पत्र आलं तेव्हा आईनं स्वतः माझी नखं कापली होती. "आता ह्यात माती जायची न्हाई," म्हणाली होती.

निशाण्यात सर्वांत मागं म्हणून पुंगळ्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. वेचायच्या, फडक्यानं पुसायच्या, तोंडात खडा असेल तर झटकायचा आणि लाकडी फळीच्या भोकांत दहा-दहाच्या ओळीनं उभ्या करायच्या. सुरुवातीला मी फणफणत होते, पण काम आवडायला लागलं. पुसलेल्या पुंगळ्या उन्हात अशा चमकत होत्या की मी एकेक जरा जास्तच वेळ पुसत होते. आणि शेवटचं एक भोक रिकामं राहिलं.

दोनदा मोजल्या. एकशे नव्याण्णव. उस्तादांनी रजेचा कागद खिशातून काढला, मला दाखवला आणि परत ठेवला. पुंगळी सापडल्याशिवाय कुणी हलणार नाही, म्हणाले. तेव्हा दोन वाजले होते.

मग एकच पळापळ. एकीनं पाहिलेल्या जागेवरच दुसरी पाहत होती, आणि पायाखाली माती तुडवली जात होती ती वेगळीच. देगलूरची माझी मैत्रीण तर टोप्या उलट्या करून बघत होती. घरी हळद भिजवली असेल या विचारानं मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि ओरडले,

"अशी न्हाई सापडायची. पात धरा!"

पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा रानाचा पट्टा. हे समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं होतं. पण एक बसली, दुसरी बसली, आणि बघता बघता वीसच्या वीस जणी खांद्याला खांदा लावून ओळीत उकिडव्या बसल्या. देगलूरवाली तर माझ्याही पुढं सरकायला लागली. म्हणजे इतके महिने आम्ही सगळ्याच एकमेकींपासून खुरपं लपवत होतो. मला इतकं हसू आलं की बसल्या जागी तोल गेला. उस्तादांनीही कडेची पात धरली. ते मागं पडले तेव्हा शेजारच्या दोघींनी त्यांची पात आपसात वाटून घेतली. उस्ताद गुडघे चोळत उठले.

रान काळं होतं, उन्हानं तडकलेलं. भेगांत बोटं घालत मी सरकत होते. एका भेगेत काहीतरी पिवळं दिसलं. पुंगळी त्यात उभीच्या उभी उतरली होती. बोटं पोचेनात, म्हणून अंबाड्यातला आकडा काढून ती वर ओढली. पुसायचंही भान राहिलं नाही, तशीच भोकात ठेवली. उस्तादांनी कागद हातात दिला आणि विचारलं, हे कुठं शिकलीस?

"आईच्या पातीला, उस्ताद."

गाडी मिळाली. मांडवात पोचले तेव्हा बहीण पाटावर बसलेली होती. मी वाटीत हात घालणार तोच आईनं मनगट धरलं आणि माझी बोटं दिव्याजवळ नेली. नखं काळ्या मातीनं भरलेली होती.

"तिथंबी खुरपायला लावतेत का गं?"

"हाव," मी म्हणाले. "समद्यांनाच. उस्तादांनाबी."

आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पदरात तोंड खुपसून हसत सुटली. हात धुवायलाही तिनं जाऊ दिलं नाही. तसल्याच बोटांनी मी बहिणीला हळद लावली.