मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर आणि बर्फाचं यंत्र

मी बर्फ फेकायच्या यंत्राचा स्टार्टर मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरला जोडला. परत वाचू नका. छपाईची चूक नाही, माझी आहे.

जपानातल्या मराठी घरात ट्रान्सफॉर्मर हा कुटुंबाचा सदस्य असतो. इथल्या भिंतीतून शंभर व्होल्ट येतात आणि पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेल्या मिक्सरला दोनशेतीस लागतात. मधला फरक भरून काढायला ओट्याखाली एक लोखंडी ठोकळा बसवलेला असतो. आमचा ठोकळा टोकियोतल्या निशी-कसाई या भारतीय वस्तीत, भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून मिळाला होता. तिथे असे ठोकळे या घरातून त्या घरात फिरतात. माणसं जातात, ठोकळे राहतात. जपानी मिक्सर घेतला तर चालत नाही का? केळ्याचं दूध करायला चालतो. लसूण, मिरची आणि खोबरं घातलं की तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा रुसून बसतो.

तर असं सगळं निशी-कसाईत सुखात चाललं होतं. मग कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि मला निसर्गाचा झटका आला. आम्ही निइगाताच्या डोंगरातल्या एका गावात जुनं घर भाड्याने घेतलं. हिवाळ्यात बर्फ छातीपर्यंत येतो, असं घर दाखवणाऱ्याने सांगितलं होतं. मला वाटलं, भाडेकरूची गंमत करतोय. तो सभ्यपणे कमी सांगत होता, हे मला डिसेंबरात कळलं.

माझ्या या निसर्गापायी बायकोने टोकियोतली नोकरी सोडली. गावात तिची ओळख काय, तर 'त्या भारतीयाची बायको'. आल्यापासून हेच ऐकून घेतल्यावर तिने गावच्या सभागृहाच्या लोकांशी स्वतः बोलून भारतीय स्वयंपाकाचा वर्ग ठरवला. बटाटेवडा आणि हिरवी चटणी. रविवारी सकाळी पहिला वर्ग. तो जमला तर दर महिन्याला, नाही जमला तर विषय संपला. तिथल्या व्यवस्थापकांनी हे दहा वेळा वाकून, पण स्पष्ट सांगितलं होतं. आठवडाभर ती जपानीत 'बेसन सरसरीत भिजवा' म्हणायचा सराव करत होती. मला फक्त एक काम होतं. गाडी दारातून खालच्या रस्त्यापर्यंत नेता येईल एवढी वाट मोकळी ठेवायची. रस्ता नगरपालिका साफ करते. आमची गल्ली आमची आम्हाला.

त्यासाठी यंत्र होतं. पलीकडच्या घरात आमच्या घरमालकीणबाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांच्या यजमानांनी हौसेने अमेरिकेहून मागवलेलं हे यंत्र त्यांनी घराबरोबर आमच्या गळ्यात घातलं होतं. दिसायला ट्रॅक्टरचं पिल्लू. पुढे बर्फ गिळायचं तोंड, वर बर्फ थुंकायची नळी. चालू करायचे दोन मार्ग: एक तर दोरी ओढा, नाही तर यंत्राची वायर घराच्या प्लगमध्ये घालून बटण दाबा. बटण दाबलं की छोटी मोटर, म्हणजे स्टार्टर, इंजिनला गरकन फिरवते. दोरी अडाण्यांसाठी आहे आणि बटण माझ्यासाठी, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी उठलो तर गाडी नव्हती. म्हणजे होती, पण एक पांढरा उंचवटा होती. मी ऐटीत शेडमध्ये गेलो, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली वायरची लांबलचक गुंडाळी घरातून तिथपर्यंत नेली आणि बटण दाबलं. स्टार्टरने 'हूं' केलं. फक्त 'हूं'. जेवायला काय करू विचारल्यावर मी करतो तसं.

आता एखाद्या शहाण्या माणसाने शेजारी विचारलं असतं. मी टोकियोतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. त्या ग्रुपमधल्या एकाच्याही घरी बर्फ काढायचं फावडंसुद्धा नाही, पण उत्तरं धडाधड आली. एकाने बॅटरी तपासायला सांगितली. यंत्राला बॅटरीच नव्हती. एकाने प्लग बदल म्हटलं. कुठला, ते त्यालाही माहीत नव्हतं. एकाने "अरे, बंद करून परत चालू कर ना" असं लिहिलं, म्हणजे पंधरा वर्षं ज्याच्यावर त्याचा पगार चालला आहे तो एकमेव उपाय. उरलेल्यांनी 'वॉव, स्नो' म्हणून फोटो मागितले. या मूर्खांचा मला संताप आला. कारण माझ्याकडे त्यांच्यापेक्षा मोठा मूर्खपणा तयार होत होता आणि त्याला कोणी वाव देत नव्हतं.

माझी पदवी इलेक्ट्रिकलची आहे. त्यानंतर विजेशी माझा संबंध फोन चार्ज करण्यापुरता राहिला, पण पदवी ती पदवी. यंत्रावरची पट्टी वाचली: एकशेवीस व्होल्ट. भिंतीत शंभर. निदान झालं! बिचाऱ्याला अन्न कमी पडतंय. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालून ठोकळा उचलला.

बायको बटाटे मोजत होती. म्हणाली, "तो कशाला? उद्या चटणीला लागणार आहे."

"दोन मिनिटं. लगेच आणतो."

"मिक्सरचा आहे तो."

"व्होल्टेज इज व्होल्टेज," मी म्हणालो. हे वाक्य आता आमच्या घरात भांडणात वापरलं जातं, आणि वापरणारा मी नसतो.

एकशेवीसच्या यंत्राला दोनशेतीस द्यायचे नसतात, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण क्षणभरच तर द्यायचे आहेत, एक धक्का द्यायचा, असं मी मनाशी म्हटलं. नापास होणारी मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी मनाशी असंच काहीतरी म्हणतात. बटण दाबलं. स्टार्टरने जी किंकाळी फोडली, ती ऐकून छपरावरचा बर्फ घसरला. इंजिन भिंगरीसारखं फिरलं. मी विजयाने घराकडे वळून पाहिलं, तेवढ्यात मागून वास आला. आधी स्टार्टरमधून धूर निघाला, मग ठोकळ्यातून. इंजिन काही पेटलं नाही. बाकी सगळं पेटलं.

स्टार्टर काढायला मोजके बोल्ट असतात. तेवढं मात्र मी सफाईने केलं. आतलं वेटोळं वांग्याच्या भरतासारखं झालं होतं. वायर गुंडाळताना हाताला चटका बसला, तेव्हा खरा आजार सापडला. ती वायर बारीक होती, नको तितकी लांब होती, आणि मी ती अर्धी गुंडाळलेलीच ठेवली होती. भिंतीतले व्होल्ट वाटेतच गळत होते आणि स्टार्टरपर्यंत उष्टं पोचत होतं. यंत्र घराजवळ ढकलत आणलं असतं आणि आखूड, जाड वायर लावली असती, तर स्टार्टर नीट फिरला असता. (पुढे महिनाभराने अमेरिकेहून नवा स्टार्टर मागवला, मीच बसवला, आणि तो इथल्या शंभर व्होल्टवर निमूट फिरतो. यात कौतुक काही नाही. घर जाळून झाल्यावर कोळसा छान झाला, असं कोणी म्हणत नाही.)

बायको बाहेर आली. तिने स्टार्टर पाहिला, ठोकळा पाहिला, मग गाडीचा उंचवटा पाहिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या मला जायचंय. माझं एवढं एकच आहे इथे." मग दोरीकडे बोट दाखवून विचारलं, "ही ओढलीस?"

ओढली होती, असं मी सांगितलं. खांदा निखळेस्तोवर ओढली होती, तीही ती झोपेत असताना, म्हणजे कोणी पाहायला नको म्हणून. आधी दोरी, मग बटण. वर तुम्हाला उलटं सांगितलं.

"पेट्रोलचा कॉक उघडला होतास?"

मी यंत्राच्या चहूबाजूंनी कॉक शोधू लागलो. पुण्यात ती कॉलेजला वडिलांची जुनी स्कूटर नेत असे. त्या स्कूटरचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, किक मारायची, आणि नाही झाली तर स्कूटर तिरकी करून परत किक मारायची, हे त्या पिढीच्या पुणेरी मुलीला शिकवावं लागत नाही. तिने वाकून टाकीखालची छोटी कळ फिरवली, चोक ओढला, एक पाय यंत्रावर रोवून दोरी खेचली. तिसऱ्या खेचीला यंत्र धडधडलं. म्हणजे मी इंजिनला दोनशेतीस व्होल्टने फिरवलं होतं, पेट्रोल न देता.

"आता चालव," ती म्हणाली. "आणि माझ्या परवानगीशिवाय बंद करू नकोस."

दुपारपर्यंत मी गल्ली साफ केली. चहालासुद्धा यंत्र बंद केलं नाही. वळणावर नळी फिरवायची विसरलो आणि घरमालकीणबाईंनी सकाळपासून फावड्याने मोकळं केलेलं अंगण पुन्हा भरून टाकलं. त्या खिडकीतून पाहत होत्या. सकाळचा बटणाचा तमाशाही त्यांनी अंगणातून पाहिला होता. हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. फक्त पडदा ओढून घेतला.

रविवारी गाडी वेळेवर सभागृहाला पोचली. वर्गाला बायका चिकार आल्या होत्या, घरमालकीणबाई पहिल्या रांगेत. वडे सुरेख झाले. चटणीचं मात्र काय? मिक्सर होता, ठोकळा मेला होता, आणि सभागृहात होती ती सुरीबाची, म्हणजे आतून रेघा पाडलेला मातीचा खल आणि लाकडाचा बत्ता. बायकोने वर्गाला सांगितलं की भारतात खरी चव वाटलेल्या चटणीचीच. ते खोटं नव्हतं. फक्त तिला ते कालपर्यंत सुचलं नव्हतं. मग एप्रन बांधून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि मांडीवर खल दिला. कोथिंबीर, मिरची, लसूण, खोबऱ्याचा कीस. एक घाणा झाला की दुसरा. मिरचीने डोळे गळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बायका एकेक करून पाहून जात होत्या.

शेवटी व्यवस्थापक चटणी चाखून म्हणाले, पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच ठरवू या. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तारीख बघत होती. घरमालकीणबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. खलात डोकावल्या, बोट बुडवून चाटलं, आणि बायकोकडे वळून अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना हे काम जमतं. याला बटण नाही."