हसरा फोटो

त्वचेच्या दवाखान्यातली नर्स वीस वर्षं प्रत्येक बाईला दटावत आली होती, "हसू नका." सुरकुत्या भरणाऱ्या फिलरच्या इंजेक्शनआधी फोटो काढताना कुणी हसलं की सुरकुत्या हलतात, मग नंतरचा फरक कळत नाही.

तिची स्वतःची थोरली बहीण आली तेव्हाही तिने तोच खाक्या चालवला. ताईला मात्र हसू आवरेना. "अगं, या वयात सुई टोचून काय कळी खुलणार आहे माझी?"

"हे जेल नुसतं खड्डा बुजवत नाही, ताई. त्याच्या ताणाने सुस्तावलेल्या म्हाताऱ्या पेशी त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन पुन्हा बनवायला लागतात. तीन महिने थांब. आणि आता तोंड मीट!"

ताईने मुकाट्याने तोंड मिटलं.

दुसऱ्याच महिन्यात ताई हृदयविकाराने तडकाफडकी गेली. मुलांकडे तिचा एकटीचा अलीकडचा फोटो नव्हता, म्हणून दवाखान्यातलाच मोठा करून भिंतीवर लावला. जन्मभर खिदळलेली ताई तिथून सगळ्यांकडे परक्यासारखी बघते. मेली ती कामाची शिस्त!

हल्ली नर्स प्रत्येक बाईला आधी हसवते आणि एक फोटो काढते.

"हा कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरच्यांसाठी," ती म्हणाली. मग समोरच्या बाईकडे वळली, "हं, आता हसू नका."