खिडकीकडे मारणारा पोरगा

सुग्राबाजींना क्रिकेटचा मनापासून राग होता, आणि तो रास्तही होता. त्यांची थोरली मुलगी जन्मली त्या दिवशी त्यांचे यजमान इनायतभाई शारजाच्या मैदानात बसून सामना बघत होते. इस्पितळात उगवले ते संध्याकाळी, आणि पाकिस्तान हरल्यामुळे तोंड पाडून. "सगळ्या नर्सांना वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतोय," असं बाजी पुढे कित्येक वर्षं सांगत.

मी आणि इनायतभाई शारजाच्या रोला भागात एकाच गाळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. त्यांचं बिऱ्हाड माझ्या खालच्या मजल्यावर. माणूस सियालकोटचा, हात असा की उर्दूतलं लांबलचक 'बे' अक्षर एका दमात ओढायचा. पुढे साखर वाढली, त्यात काचबिंदू निघाला. आधी बारीक अक्षरं गेली, मग कुंचला सुटला, मग सगळंच विझलं. मुलगा ताहिर मोबाइलच्या दुकानात नोकरीला होता, त्यामुळे घर चालू राहिलं. इनायतभाई मात्र दिवसभर टीव्हीसमोर क्रिकेट ऐकत बसून असत.

टीव्हीवर बोलणाऱ्यांना वाटतं, समोरचा बघतोच आहे. ते "वाहवा" म्हणून गप्प बसतात. इनायतभाई खोलीला विचारायचे, "चेंडू कुठे गेला? अरे, गेला कुठे?" बाजी तिथेच भेंडी चिरत बसलेल्या असायच्या. एकदा वैतागून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "फ्रीजकडे गेला. झालं समाधान?"

टीव्हीच्या डाव्या हाताला फ्रीज होता आणि उजव्या हाताला खिडकी. इनायतभाईंनी क्षणभर हिशेब केला. "फ्रीजकडे म्हणजे ऑफला. वरून की खालून?"

"खालून. गवतातून."

त्या दिवसापासून टीव्हीचा आवाज बंद झाला. इनायतभाई म्हणाले, या इंग्रजी बडबडीपेक्षा तूच सांग. बाजी कुरकुरत सांगू लागल्या. काही दिवसांनी कुरकुर थांबली, भेंडीही बाजूला राहू लागली.

त्या काळात सगळीकडे एकच वाद होता. पाकिस्तानचा शाहमीर चांगला की लंकेचा दिलान? दोघांना नुकती मिसरूड फुटलेली, दोघेही कसोटीत धावांवर धावा काढत होते. शुक्रवारी नमाजनंतर ताहिरचे मित्र जेवायला येत आणि मटणाची निहारी निवेपर्यंत भांडत. इनायतभाई वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा.

"दिलानचं नावही काढू नका," ते एका शुक्रवारी म्हणाले. "प्रत्येक चेंडू लेगला ओढतो. ऑफला एक फटका नाही पोराकडे. असा खेळाडू कसोटीत टिकत नाही."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ताहिरने मान खाली घातली. नवीद म्हणून एक जण होता, त्याला राहवलं नाही.

"चाचा, दिलान डावरा आहे."

मी तिथेच बसलो होतो. इनायतभाईंचा घास हातात तसाच राहिला. खिडकीकडे गेलेला एकेक फटका त्यांनी मनात पुन्हा मांडून पाहिला असावा. मग ते हळूच म्हणाले, "डावऱ्याची ऑफ खिडकीकडे. म्हणजे ते सगळे कव्हर ड्राइव्ह होते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर बाजींनी नेहमीसारखा टीव्ही लावला. "बंद कर," इनायतभाई म्हणाले. बाजी म्हणाल्या, चूक माझी आहे, मला ओरडा. ते ओरडले नाहीत. "तुझी काय चूक. मलाच वाटायला लागलं होतं की मला दिसतंय."

मग टीव्ही बंदच राहिला. बाजींनी मला जिन्यात गाठलं. "भाईसाहेब, पोरगा नीट खेळतो की नाही ते बघायचं, का कुठल्या हाताने खेळतो ते? मला कोणी सांगितलं होतं का?" आवाज भांडणाचा होता, डोळे भरलेले होते. मग म्हणाल्या, "लंकावाले इथे पाकिस्तानशी खेळायला येणार आहेत ना? आम्हाला घेऊन चला."

ज्या मैदानापायी त्यांनी जन्मभर नवऱ्याला टोमणे मारले, तिथे त्या आपणहून निघाल्या. पराठे, उकडलेली अंडी, चहाचा थर्मास, सगळं घेतलं. ताहिरला रजा मिळाली नाही, म्हणून मी गाडी काढली.

कामाचा दिवस होता. कसोटीला माणसं मोजकीच, बॅटचा आवाज वरच्या पायऱ्यांपर्यंत येत होता. दिलान खेळत होता. बाजींनी पहिलं षटक बरं सांगितलं. दुसऱ्यात गडबडल्या.

"अहो, सगळं उलटं झालं. गोलंदाज त्या बाजूने येतोय."

इनायतभाई हसले. किती दिवसांनी हसले होते. "उलटं-सुलटं सोड. खेळणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघ. तोंडासमोर ते ऑफ, पाठीमागे ते लेग. डावरा असो की उजवा."

"एवढंच? मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

नंतर बाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुपार कलेपर्यंत बाजी बोलत होत्या. "तोंडासमोर. खालून... सोडला... सोडला. हा फार सोडतो. शाहमीर चेंडूवर धावून जातो, दारात पाहुणा आल्यासारखा. हा नाही जात. आलास तर ये म्हणतो."

"उशिरा खेळतो?"

"अगदी अंगाशी आल्यावर. मला तर भीती वाटते."

इनायतभाई मान तिरपी करून बॅटचा आवाज ऐकत राहिले. शतक जवळ आलं आणि दिलान पायचीत झाला. आमच्या बाजूचे लोक उठून नाचायला लागले. बाजी म्हणाल्या, "गेला," आणि अंडं सोलत बसल्या.

पुढच्या शुक्रवारी निहारी वाढून झाल्यावर इनायतभाई म्हणाले, "नवीद, मी चुकलो होतो. दोघांत दिलान सरस आहे."

पोरं खवळली. लंकेचा पोरगा सरस? त्यांच्याहून मोठा आवाज स्वयंपाकघरातून आला. "काहीतरीच. वाट बघत बसतो तो. शाहमीर शाहमीर आहे." नवरा-बायको पहिल्यांदा क्रिकेटवरून भांडले, आणि भांडण बरंच लांबलं. टीव्ही मात्र पुन्हा लागला.

पुढे ते दोघं सियालकोटला परत गेले. मी अधूनमधून फोन करतो. मधे शाहमीरला संघातून काढलं, तेव्हा बाजींपुढे क्रिकेटचं नाव काढायची सोय नव्हती. गेल्या थंडीत त्याला परत घेतलं. सामना झाल्यावर मी फोन लावला, तर इनायतभाईंनी उचलला.

"पहिल्याच चेंडूवर गेला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "टीव्ही बंद करून आत जाऊन बसली. बोलेना. शेवटी मीच चाचपडत चहा केला."

"मग?"

"साखर दोनदा पडली असावी. पण प्यायली."