पंच्याहत्तर टक्क्यांचे टायर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागलो की मधे दात काढायचे नाहीत. माझं डोकं अजून गरम आहे!

मी पाण्याच्या मोटरी बसवतो, काढतो, दुरुस्त करतो. घर शहराच्या कडेला, बेसाला, पण काम सगळं वावरात. विहिरी काय डांबरी रस्त्यावर असतात का? म्हणून चारही चाकं ओढणारी पिकअप घेतली. तिचे टायर झिजले तेव्हा ठरवलं, आता घ्यायचे ते चांगले रुंद! चिखलात रुंद फळी टाकली की माणूस रुतत नाही. मग टायरचं वेगळं काय असणार? सांगा तुम्हीच!

शहरात, सदरला बब्बूभाईचं टायरचं दुकान आहे. वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी तिथलं. जुन्या टायरवर तीन आकडे होते, २३५, ७५ आणि १५.

"पहिला आकडा रुंदी ना?" मी विचारलं.

"हौ भाऊ. मिलिमीटरमंधी."

"अन् शेवटला रिंगचा?"

"हौ. तो इंचात."

"मंग मले दोनशे पासष्ट द्या. बाकी पंच्याहत्तर अन् पंधरा तसेच राहू द्या. उंची नाही वाढवाची मले, फक्त रुंदी वाढवाची आहे."

बब्बूभाईनं कान खाजवला. "पण भाऊ, ते पंच्याहत्तर टक्के आहे ना..."

झालं! माझं टाळकंच सरकलं. वापरलेले टायर विकणारे असेच बोलतात की नाही? "सत्तर टक्के माल आहे, ऐंशी टक्के माल आहे." म्हणजे हा माणूस माझ्या गळ्यात जुने टायर मारतो?

"पंच्याहत्तर टक्के काहून? मले शंभर टक्के पाहिजे!"

"शंभरवाले तुमच्या गाडीत घुसणार बी नाही, भाऊ."

"काहून नाही घुसणार? नवा माल गाडीले चावते का?"

"अरे, हे नवेच आहे! तुम्ही ऐकूनच नाही राहिले..."

"ऐकाचं काय त्यात? दाखवा!"

त्यानं टायर काढून दाखवले. कागद चिकटलेला होता. नव्या टायरवर ते रबराचे केस असतात ना, तेही होते. मी भर दुकानात गुडघ्यावर बसून चारही टायरचे केस कुरवाळले. नवेच होते. मग मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "पाहा! आवाज चढवला तर निघाले ना शंभर टक्के?"

बब्बूभाईनं एकदा वर पंख्याकडे पाहिलं. "काळ्या मातीत नका नेऊ एवढे रुंद. माती भरन."

"दुकान तुमचं, वावर माझं. लावा!"

दुकानातून गाडी वळवताना खालून 'खर्र' आवाज आला. नवीन टायर आहेत, बसायला वेळ लागतो, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. नवी चप्पल नाही का चावत?

दुसऱ्याच दिवशी कामठीच्या पुढच्या एका गावातून सरपंच मीनाताईंचा फोन. "भाऊ, विहिरीवरची नळाची मोटर जळली. दोन दिवस झाले, गावात थेंब नाही. पांदणीत लय चिखल आहे. जमन का तुमाले?"

"ताई, मले विचारून राहिल्या? तुम्ही फक्त गाडी पाहा!"

गाडी पाहायला अख्खं गाव आलं. पांदण म्हणजे वावरात जाणारी कच्ची वाट. तिच्या तोंडाशी रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, घेऊन पन्नास-साठ बाया उभ्या. मागे नवी मोटर, पुढे मी, काच खाली, कोपर बाहेर. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खर्रर्रर्र! टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला घासला. पुढे घे, मागे घे, पाच वेळा केलं तेव्हा कुठे गाडी वळली. मग पन्नास पावलं गेली आणि थांबली. काळी माती टायर आणि फेंडरच्या मधे अशी ठासून भरली की चाकच फिरेना!

"भाऊ, गाडी काहून थांबली?"

"ताई, मले फसवलं! जुने टायर लावून देले! थांबा, तुमच्यासमोरच विचारतो त्याले."

आणि मी, शहाणा, फोन स्पीकरवर लावला. सगळ्या बायांना ऐकू जावं म्हणून वर धरला.

"बब्बूभाई, पंच्याहत्तर टक्केवाले टायर तुम्ही मले काहून देले?"

"अरे भाऊ," बब्बूभाईचा आवाज वावरभर घुमला, "ते रुंदीच्या पंच्याहत्तर टक्के उंची असते! रुंदी वाढवली का उंची बी वाढते. आता घासत असन, अन् माती निघाले जागा नसन. हेच सांगून राहिलो होतो, तं तुम्ही टायरचे केस कुरवाळत बसले!"

मग एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. मग सगळे गुंड खणखणायला लागले. माझा राग तसाच होता हो, पण आता तो काढायचा कोणावर? मी मातीवर काढला. "कसली माती आहे तुमच्या गावची!"

मीनाताई तेवढ्या हसल्या नाहीत. "भाऊ, रागवा मंग. आधी मोटर उतरवा."

गावातल्या नामदेवबुवांची बैलबंडी आली. चाकं जेमतेम चार बोटं रुंद. चिखल कापत, खालच्या टणक जमिनीवर टेकत अशी आरामात निघाली की मला तिचाही राग आला. मोटर बंडीत बसली आणि मी हातात बूट घेऊन मागून चालत गेलो.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. गुंड भरण्याचा आवाज गल्लीगल्लीतून यायला लागला, तेव्हा खरं सांगतो, दोन मिनिटं मी सगळा राग विसरलो. मग ट्रॅक्टरनं माझी गाडी ओढली आणि मला सगळं पुन्हा आठवलं.

आता परवाचीच गोष्ट. त्याच गावातून एका बाईचा फोन. "भाऊ, भाच्याच्या वरातीले तुमची गाडी पाहिजे. लय रुबाबदार दिसते."

मी फुललो. म्हटलं, कोणाला तरी कदर आहे!

"आणतो ना, वहिनी! काहून नाही?"

"अन् काळजी नका करू," ती म्हणाली, "आम्ही सगळ्याइनं जाऊन पाहून घेतलं. रस्ता पूरा डांबरी आहे, अन् मंडपापर्यंत एकबी वळण नाही."