अंगणातला इन्किसिदोर

"नाचून दाखवा."

साहेब आमच्याच खुर्चीवर बसून माझ्या आईला सांगत होते. साठीची आई, दुखरे गुडघे. अंगणात. शेजाऱ्यांसमोर.

सिंदी रेल्वे या गावाजवळच्या आमच्या घरी ते माझी जमात तपासायला आले होते. मला राखीव जागेवर शिक्षिकेची नोकरी लागली होती. मी खरी गोंड असल्याचं त्यांनी मानलं तरच ती टिकणार होती. ओळखपत्रावर 'संशोधन अधिकारी'. संशोधनाचं साहित्य : छापील फॉर्म, पेन आणि आमचा चहा.

"तुमचे देव किती?"

"सात," आई म्हणाली. "दुसऱ्या सातदेव्यायशी सोयरीक नाई करत आमी. ते भाऊ होत आमचे."

साहेब शिपायाकडे वळले. "पोरीनं पाठ करून घेतलंय."

मग लग्नातलं गाणं मागितलं.

"एकटीनं नाई म्हणत, साहेब. दोन बाजू लागते. इकडची विचारते, तिकडची जवाब देते. तिकडून कोन म्हणन, तुमी?"

शेजारीण फिसकन हसली. साहेबांनी लिहिलं : गाणी येत नाहीत.

त्यानंतर नाच.

वर्ध्याला शिकताना मी हौसेनं स्पॅनिशचा वर्ग केला होता. तिथे एक शब्द भेटला, इन्किसिदोर. मूळ अर्थ, माणसाची श्रद्धा खरी की खोटी हे दरडावून ठरवणारा चर्चचा अधिकारी. आज तो शब्द कुठल्याही कठोर प्रश्नकर्त्याला लावतात, नुसत्या जाब विचारणाऱ्या नजरेलाही. उदाहरण म्हणून मी वहीत आमच्या गणिताच्या सरांचं नाव लिहिलं होतं. बिचारे सर. त्यांना उत्तर आधीपासून माहीत असायचं, पण बरोबर आलं तर ते मान्य तरी करायचे.

आई उठली. पदर खोचला. माझ्या नोकरीसाठी ती नाचणार होती.

मी तिचा हात धरला.

"काऊन अडवून राह्यली? नोकरी जाईन तुई."

"जाऊ दे. बस."

मग साहेबांना म्हटलं, "तुमचा प्रश्नही लिहा. 'नाचून दाखवा.' खाली सही करा."

"प्रश्नाला रकाना नाही."

पडताळणी समितीचा निकाल आला. दावा अमान्य, अर्जदाराचे असहकार्य. नोकरी गेली. मी कोर्टात गेले, कोर्टानं फेरसुनावणी द्यायला सांगितली, साहेबांना उलट प्रश्न विचारायची मुभाही दिली.

आई येणार आहे. खुर्चीवर बसणार आहे. या वेळी विचारणारी बाजू आमची. पहिला प्रश्न मी कागदावर लिहून ठेवलाय, खाली माझी सही आहे :

साहेब, तुमच्या आईनं कुणासमोर नाचून तुमची जात सिद्ध केली?