पुण्यातून दिसणारी लिफ्ट

त्या लिफ्टचा मला राग आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

अर्धांगवायू झाल्यापासून आईचा डावा पाय नावालाच उरलाय. अपंगत्वाचा दाखला नव्यानं घ्यायचा तर तपासणीला स्वतः हजर राहावं लागतं, आणि धाराशिवच्या ज्या सरकारी इमारतीत ही तपासणी होते, तिथं ती तिसऱ्या मजल्यावर. पाय चालत नाही म्हणून दाखला मागणाऱ्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलवायची अक्कल कुणाची, देव जाणे. विचारलं की म्हणतात, लिफ्ट आहे की.

आई तेरहून निघायलाच तयार नव्हती. शेवटी एका अटीवर कबूल झाली. "मला परक्या माणसानं हात लावायचा न्हाय. उचलायचं ते मेल्यावर उचला." मी शब्द दिला. नवी लिफ्ट आहे, म्हटलं, पुण्यात बसून कंपनीची माणसं तिच्यावर दिवसभर नजर ठेवतात. मोटर, दोर, दार, सगळ्याची खबर क्षणोक्षणी तिकडं जाते. इमारतीत शिरल्याबरोबर ती खबर दाखवणारा टीव्हीसारखा पडदाच लावलाय.

दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला कचेरीतल्या मंडळींनी जीपची, झेरॉक्सची पूजा केली, तशी लिफ्टचीही केली होती. वर झेंडूचा हार, चौकटीला हळदी-कुंकवाची बोटं. आईला आत घेऊन मी बटण दाबलं. दार मिटेना. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत: लिफ्ट सुरू, प्रवासी चढत आहेत.

"सकाळपासून असंच हाय," वॉचमन म्हणाला. "पण हिरवं दिसतंय तवर कुणी येत न्हाय."

भिंतीवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा पुण्यातला तरुण लोण्यासारखं मऊ बोलत होता. "मॅडम, बिघाड काहीच नाही. दारात कुणीतरी उभं आहे, त्यांना बाजूला व्हायला सांगा."

"दारात कुत्रंसुद्धा नाही."

"सिस्टिम तर उभं आहे म्हणतेय."

"आणि मी इथं उभी राहून सांगतेय ते?"

"मग आधी तुम्ही बाजूला व्हा ना, मॅडम."

तक्रार लिहून घ्या म्हटलं, तर म्हणाला, तक्रार सिस्टिम स्वतःच नोंदवते. मी फोन आपटला. तेवढ्यात वरून शिपायानं आईचं नाव पुकारलं. आता गेलो नाही तर पुढची तारीख. मी काही बोलायच्या आत वॉचमननं प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दाखल्याच्या रांगेत कुणाकुणासोबत आलेल्या तिघांना हाक मारली. "मावशी, बसा, आमी हावोत की." चौघांनी तिला लिफ्टमधून काढून खुर्चीत घातलं आणि उचललं. आईनं पदर तोंडावर ओढला. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो खाली आला नाही.

वरच्या डॉक्टरनं तपासणी उरकली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला; त्यावरही तीच हिरवी अक्षरं. "लिफ्ट चालू दाखवतेय. उचलून कशाला आणलं यांना?" तो मोबाइल खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला.

मी तरातरा खाली आले. दारात उभा असलेला तो माणूस मला बघायचाच होता. चौकटीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक काळं भिंग होतं, दारात माणूस आहे की नाही हे ओळखणारं. त्याच्यावर कुणीतरी भक्तिभावानं कुंकवाचं जाड बोट ओढलं होतं. भिंगाला दिसेनासं झालं, आणि ते पुण्याला कळवत बसलं की माणूस चढतोय. मी ओढणीनं पुसलं. दार लगेच मिटायला लागलं.

त्याच लिफ्टनं मी वर गेले. आईला म्हटलं, चल, झाली चालू.

"तुज्या लिफ्टीत तू जा."

वरच थांबलेले ते चौघं पुन्हा खुर्ची घेऊन पुढं झाले. तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते जागीच थांबले. मग भिंतीला धरून ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली, डावा पाय हातानं उचलून खाली ठेवला आणि सरकली. मग दुसरी पायरी. चढणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. तिची धुतलेली साडी जिन्यातली धूळ पुसत चालली होती.

मधल्या वळणावर ती धापा टाकत थांबली. मी हात पुढं केला.

"तूबी लावू नको," ती म्हणाली.

मी तिच्या चपला हातात घेतल्या आणि एक पायरी सोडून मागं उतरत राहिले.